लेहच्या माळावर उतरलेलं डाकोटा

परवा पाणलोटाच्या कामाची आखणी करायला एका गावी गेलो होतो. रजेवर आलेला एक जवान पारावर भेटला. बोलता बोलता म्हणाला, "साहेब, आमच्या लेहला विमानं सकाळीच येतात नि निघून जातात. ऊन चढलं की अवघड." तिथून गोष्ट निघाली ती १९४८ सालच्या डाकोटाची. शेतकरी बंधूंनी आणि ग्रामसेवक मंडळींनीही ती ऐकावी अशी आहे.

१९४७च्या ऑक्टोबरात टोळीवाले काश्मिरात घुसले. पुढल्या मे महिन्यात कारगिल पडलं आणि श्रीनगर-लेह वाट तुटली. लेहच्या रक्षणाला मेजर पृथी चंद यांची चाळीसेक माणसं होती. फेब्रुवारीत झोजी ला खिंड बर्फातून पायी ओलांडून ती आली होती.

त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू हे लडाखी इंजिनिअर होते. सिंधूकाठच्या माळावर त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून धावपट्टी केली. यंत्रं येणार कुठून, वाटच बर्फाखाली! तरी महिन्याभरात काम पुरं. मंजूर रक्कम १३ हजार रुपये, खर्च ११ हजारांच्या आत, उरलेले परत. कामाची बिलं करणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

पट्टी झाली, पण उतरायचं कुणी? डाकोटा म्हणजे मालवाहू गाडीच. दोन इंजिनं, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची. एका खेपेला तीन टनांच्या आसपास, म्हणजे तीस क्विंटल माल. चालवायला वैमानिक, सहवैमानिक, दिशा काढणारा नेव्हिगेटर आणि बिनतारी यंत्रावरचा माणूस. आजच्या विमानासारखी आत हवा कोंडून ठेवायची सोय नाही. डोंगर ओलांडताना बाहेरची विरळ हवा तीच आत.

विरळ हवेने काय होतं ते आपल्याला समजायला सोपं आहे. डिझेल इंजिनाचा एअर क्लीनर चोंदला की इंजिन कसं दमतं? तसंच. शिवाय पंखांनाही आधार कमी मिळतो, म्हणून उतरताना-उडताना जास्त लांब धावावं लागतं. दुपारी हवा तापली की आणखी विरळ होते आणि दरीत वारा सुटतो. जवान सांगत होता ते हेच. त्यात एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याच्या बळावर ती उंची टिकत नाही, आणि खाली टेकायला सपाट वावर नाही.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग स्वतः विमान घेऊन निघाले. हाताखालच्या पोरांना आधी पाठवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. सोबत जनरल थिमय्या बसले. लेहला त्याआधी विमान कधी उतरलंच नव्हतं. अकरा हजार फुटांवरच्या त्या कच्च्या पट्टीवर डाकोटा सुखरूप टेकलं.

मग खेपा सुरू झाल्या. गुरखा जवान आले, दारूगोळा आला, आणि लेह हातचं गेलं नाही. मेहर सिंगांना महावीर चक्र मिळालं. १९५२ साली विमान अपघातातच ते गेले.

जवानाची रजा संपत आली होती. जाताना म्हणाला, "पट्टी आता पक्की आहे साहेब. पण विमान अजून सकाळचंच."