कंबरदुखी, स्प्रिंगचा पलंग आणि फिजिओथेरपिस्टची नजर



वस्तीतल्या मुली हल्ली मोबाईल पुढे करून आम्हाला विचारतात, "ताई, सिनेमातल्या बाया सरकत्या पलंगावर पडून करतात तो व्यायाम कसला? आईची कंबर त्याने बरी होईल का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून या वेळी त्याचंच उत्तर.

त्या यंत्राचं नाव रिफॉर्मर. पलंगाएवढी चौकट, तिच्यात रुळावर मागेपुढे सरकणारी गादी, गादीला चार-पाच स्प्रिंगा, पाय टेकायला आडवी दांडी आणि हातापायात अडकवायला पट्टे. दांडीला पायाने रेटा दिला की गादी सरकते, स्प्रिंग तिला परत ओढते. या व्यायामाला पिलाटेस म्हणतात. जोसेफ पिलाटेस या जर्मन माणसाने तो काढला. जन्म १८८३ चा, लहानपणी दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना छावणीत डांबलं. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांच्या खाटांना त्यांनी स्प्रिंगा बांधल्या आणि त्यातून हे यंत्र निघालं, असं सांगतात. रोग्याच्या खाटेवरून सुचलेली ही गोष्ट आज मुंबईत एवढी महाग आहे की तासाभरात दोन-तीन दिवसांची मजुरी सहज जाईल.

फायदा नक्की आहे. झोपून केल्यामुळे शरीराचा भार कंबरेवर आणि गुडघ्यावर येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला उठाबशा जमत नसल्या तरी हलक्या स्प्रिंगवर पाय दुमडून लांब करता येतो. पोटाचे, पाठीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एकत्र कामाला लागतात. मणक्याला आधार देणारे हेच स्नायू. बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटते, पण बायका लाजेने बोलत नाहीत. त्यांनाही तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने आराम पडतो.

पण इथे एक मेख आहे. स्प्रिंग जास्त म्हणजे व्यायाम अवघड, असं नेहमी नसतं. पायाने रेटताना ते खरं. पण हात-पाय टेकून अंग तोलून धरायच्या काही प्रकारांत स्प्रिंग कमी केली तर आधारच जातो आणि कंबरेवर ताण येतो. कोणाला किती स्प्रिंग लावायची, वाकायचं की नाही, कधी थांबायचं, हे ठरवायला शरीर तपासणारा माणूस लागतो. फिजिओथेरपिस्टचं शिक्षण काही वर्षांचं, त्यातला शेवटचा काळ प्रत्यक्ष रुग्णांबरोबर. जिममधला ट्रेनर वेगळा.

आता आपल्या डहाणू-तलासरीकडे या. आवणीला दिवसभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बाया, चिकूच्या वाडीत मान वर करून तोडणारे आणि नंतर पाट्या उचलणारे, फुग्यांच्या कारखान्यात एकाच जागी बसणाऱ्या मुली, वीटभट्टीवरून परतलेली जोडपी. कंबर धरली की ठरलेला रस्ता: एक सुई, दुखण्याच्या गोळ्या, कंबरेला पट्टा. मग कोणी सांगतं "मणक्यात गॅप आली", की बाई घाबरून हलायचीच बंद होते. मणक्याची झीज वयाप्रमाणे बहुतेकांच्या फोटोत दिसते, काहीही दुखत नसलेल्यांच्याही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल सूचना काढल्या. त्यांत व्यायामाचा सल्ला आहे. पट्टा सरसकट वापरू नये आणि वजन लावून कंबर ताणू नये, असंही आहे. गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटात व्रण होतो, मूत्रपिंडं बिघडतात.

मग पलंगासाठी मुंबई गाठायची का? आमचं मत, नाही. २०१५ साली पिलाटेस आणि कंबरदुखीवरच्या १० अभ्यासांचा, मिळून ५१० रुग्णांचा, एकत्र आढावा घेतला गेला. काहीच न करण्यापेक्षा पिलाटेस बरं ठरलं, पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणजे सतरंजीवरही काम होतं, फक्त शिकवणारा हवा.

गुळगुळीत फरशीवर उताणं पडून टाचेखाली फडकं घ्यायचं आणि टाच सावकाश पुढे-मागे सरकवायची, कंबर न हलवता. रिफॉर्मरची गादी सरकते, इथे टाच सरकते. गुडघे दुमडून श्वास सोडत कुल्ले उचलायचे. चार पायांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग बाजू बदलायची. स्प्रिंगच्या जागी रबरी पट्टा चालतो. किती ताणायचा ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. विहारात महिला मंडळ जमतं तेव्हा दहा मिनिटं एकत्र केलं तर चुकणारीला दुसरी सांगू शकते.

काही दुखण्यांत मात्र व्यायाम नाही, आधी डॉक्टर. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली किंवा पायातला जोर गेला, तर त्याच दिवशी दवाखाना. ताप, वजन उतरणं, रात्री वाढणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. त्यात खोकला असेलच असं नाही. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणंही अंगावर काढू नका. गरोदर बाई, नुकतं ऑपरेशन झालेली आणि हाडं ठिसूळ झालेली म्हातारी, यांनी विचारल्याशिवाय काहीच करू नये.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. डहाणूच्या किंवा कासाच्या उपजिल्हा रुग्णालयात, तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढताना "फिजिओथेरपीसाठी लिहून द्या" असं स्पष्ट सांगा. तिथे सोय नसेल तर कुठे पाठवता ते कागदावर लिहून मागा. व्यायाम शिकवला की त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा, आणि जमलं तर मुलीला मोबाईलवर त्याचं चित्रण करायला सांगा. चार-सहा आठवडे नेमाने केल्यावर पुन्हा जाऊन दाखवायचं.