सिकलसेल: कुळाचा दोष की एका अक्षराचा बदल?

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. हातपाय दुखून कळवळणारं लेकरू, पिवळे पडलेले डोळे, सारखं कमी होणारं रक्त हे सगळं ओळखीचं आहे. निस्तरायचे आहेत ते या आजाराला चिकटलेले गैरसमज. ‘कुळातच दोष आहे’ या एका वाक्यानं इथे कितीतरी सोयरिकी मोडल्या असतील.

हा दोष कुठल्याही कुळाचा नाही. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आलं, एवढाच तो बदल. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

हा फक्त आदिवासींचा आजार, हेही खरं नाही. भारतात १९५२ मध्ये तो निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला, म्हणून तशी समजूत रुजली. विदर्भात मात्र तो गोंड-माडियांबरोबर अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आढळतो. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस इथेही तो आहेच.

एवढा घातक बदल टिकला कसा? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की एकच बदललेलं जनुक असलेल्यांना, म्हणजे ‘एएस’ वाहकांना, मलेरियापासून संरक्षण मिळतं. याचा अर्थ वाहकाला मलेरिया होतच नाही असा नव्हे. तो जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. दोन्ही जनुकं बदललेल्या, म्हणजे ‘एसएस’ रुग्णाच्या मात्र तो जिवावर उठतो. म्हणून गडचिरोलीत मच्छरदाणी दोघांनाही हवीच.

संगणकावर काम करणाऱ्या संशोधकांचा रुग्णाशी काय संबंध, असंही विचारलं जातं. २०१८ मध्ये डॅनियल श्राइनर आणि चार्ल्स रोटिमी यांनी सुमारे २,९०० लोकांचे जनुकसंच ताडून पाहिले. हा बदल वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडला असावा, असं तोवर मानलं जाई. त्यांच्या गणितानं तो सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी एकदाच घडल्याचा निष्कर्ष काढला.

जनुकांच्या नियंत्रणाचा अभ्यास तर थेट औषधापर्यंत पोचला. ‘एसएस’ बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून त्याच्या रक्तात असतं. ते पुढे बंद करण्यात ‘बीसीएल११ए’ या जनुकाचा मोठा हात असल्याचं २००८ मध्ये उघड झालं. ज्यांच्यात हे हिमोग्लोबिन जास्त उरतं, त्यांचा त्रास बहुधा सौम्य असतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकोपचार याच जनुकाला आवर घालतो. तो आज आपल्या गावांच्या आवाक्याबाहेर आहे. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची हायड्रॉक्सियुरिया हेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, आणि ती साधी तोंडाने घ्यायची आहे. हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं आयसीएमआरचं संशोधन केंद्रही चंद्रपुरातच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज शेवटी. आईवडील दोघेही वाहक असले तर ‘चारांतलं एक आजारी निघालं, आता बाकीची सुखरूप’ असं नसतं. प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’ बाळाची शक्यता नव्यानं २५ टक्के असते. वाहकानं लग्नच करू नये, हेही खोटं. जोडीदार वाहक किंवा रुग्ण नसेल तर ‘एसएस’ मूल जन्मत नाही. तेव्हा सोयरीक ठरवताना पत्रिकेआधी दोघांच्या रक्ताचा रिपोर्ट बघा.