तपकिरी प्रवाळ बघून नाराज होऊ नका

अंदमानला जाऊन आलेल्या लोकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "जॉली बॉयला गेलो, स्नॉर्केलिंग केलं, मासे मस्त दिसले. पण प्रवाळं सगळी तपकिरी, मळकट. फोटोत दाखवतात तसं काहीच नाही. मेलीत बहुतेक!" कधीकधी याच्या उलटही ऐकू येतं: "एका जागी पांढरीशुभ्र प्रवाळं होती, काय सुंदर दिसत होती!"

गंमत अशी, की हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा उलटे असतात. तपकिरी प्रवाळ साधारणपणे ठणठणीत असतं आणि ते पांढरंशुभ्र प्रवाळ आजारी असतं. असं का, ते आज बघू.

आधी जागेबद्दल थोडं. जॉली बॉय हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. हे उद्यान 1983 साली झालं. वांडूरच्या जेट्टीवरून सकाळी बोट सुटते, खारफुटीच्या कडेकडेने जात तासाभरात बेटावर पोचते आणि दुपारी परत आणते. बेटावर मुक्काम करता येत नाही, प्लॅस्टिक नेता येत नाही. पावसाळ्यात जॉली बॉय बंद ठेवून पर्यटकांना रेड स्किन बेटावर नेतात. थोडक्यात, पाण्यात तोंड घालून बघायला आपल्याला फार तर तासभर मिळतो. तेवढ्यात काय बघायचं हे माहीत असलं, तर बरंच काही कळतं.

रंग कोणाचा?

प्रवाळ हा प्राणी आहे. मुंगीच्या डोक्यापासून बोराएवढ्या आकाराचे हजारो जीव एकत्र राहून चुन्याचा सांगाडा बांधतात. त्यांचं मांस जवळजवळ पारदर्शक असतं. मग रंग येतो कुठून? तर त्यांच्या पेशींमध्ये राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांकडून. ही शैवालं सूर्यप्रकाशावर अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतात. प्रवाळाच्या गरजेची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूंकडून येऊ शकते. त्यांचा रंग तपकिरी किंवा सोनेरी-तपकिरी असतो. म्हणजे मळकट दिसणारं प्रवाळ म्हणजे भरल्या घरातलं प्रवाळ.

फोटोंतल्या झगमगाटाचं आणखी एक कारण आहे. पाणी लाल प्रकाश पटकन शोषून घेतं. पाच-सात मीटरवर लाल रंग जवळपास संपतो. पोस्टरवरचे फोटो दिव्याचा झोत मारून काढलेले असतात, वर कॉम्प्युटरवर रंग चढवलेले असतात ते वेगळंच.

पांढरं म्हणजे मेलेलं नाही, पण...

पाणी नेहमीच्या सर्वांत गरम महिन्यापेक्षाही एखादा अंश जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की शैवालांचं यंत्र बिघडतं. ती अन्नाऐवजी घातक ऑक्सिजन-रेणू तयार करू लागतात. मग प्रवाळ त्यांना बाहेर काढतं. उरतं पारदर्शक मांस आणि त्याखाली दिसणारा पांढरा सांगाडा. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

हे प्रवाळ अजून जिवंत असतं, पण उपाशी. पाणी लवकर निवलं तर शैवालं परत येतात, नाही निवलं तर ते मरतं. याचा अंदाज बांधायला शास्त्रज्ञ एक सोपा हिशोब करतात: किती अंश जास्त, किती आठवडे. एक अंश जास्त तापमान चार आठवडे टिकलं, तर ब्लीचिंगची भीती. आकडा आठच्या वर गेला, तर प्रवाळं मरू लागण्याची भीती. अंदमानात पाणी सर्वांत तापतं ते पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये. 2010 सालच्या उन्हाळ्यात तिथे मोठं ब्लीचिंग झालं होतं.

मेलेलं प्रवाळ ओळखणं सोपं आहे. काही दिवसांतच त्याच्यावर केसाळ, हिरवट-करडी शेवाळी चढते. जवळून बघितलं तर नक्षीदार खळगे बुजलेले दिसतात.

दोन ठिकाणी फसगत होते. फांद्यांच्या प्रवाळाची नुसती टोकं पांढरी असतील, तर ती बहुधा नवी वाढ असते, काळजी नको. आणि एखादं प्रवाळ निऑनसारखं गुलाबी-जांभळं चमकत असेल, तर ते कदाचित अडचणीत असेल. शैवालं गेल्यावर काही प्रवाळं ऊन अडवणारी रंगद्रव्यं भराभर बनवतात. साउदम्प्टन विद्यापीठाच्या गटाने 2020 मध्ये यामागची प्रक्रिया मांडली. काही जाती मात्र मुळातच निळ्या-जांभळ्या असतात.

मग एका फेरीत कळणार काय?

एका प्रवाळाच्या एका फोटोवरून फार नाही. तेच प्रवाळ पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी कसं दिसतं, हे महत्त्वाचं. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या 'कोरलवॉच' प्रकल्पाने 2002 पासून यासाठी एक रंगपत्रक वापरात आणलंय. फिक्या रंगाला 1, गडदला 6. पत्रक प्रवाळाशेजारी धरायचं, आकडा लिहायचा, झालं. हात लावायचा नाही. इथेही गडद तपकिरी म्हणजे चांगले मार्क!

आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास लोक स्नॉर्केलिंग करतात. तिथलं पाणी गढूळ असतं, पण रंग वाचायची रीत हीच.

पाण्यात असताना एक आवाज ऐका: कुरुम कुरुम. तो पॅरटफिशचा. तो खडकावरची शेवाळी खरवडून खातो आणि खाल्लेला चुना वाळू करून बाहेर टाकतो. मेलेल्या भागावर प्रवाळांची नवी पिल्लं बसायची तर जागा अशी साफ व्हावी लागते. म्हणून बरे होणारे खडक बघायचे असतील, तर हे मासे किती आहेत तेही बघा.

आणि तळाला पाय टेकवू नका. गोळ्यासारखी वाढणारी प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. फुटबॉलएवढा गोळा म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलाच्या वयाचा. तुटलेला तुकडा आठवण म्हणून खिशात घालणं तर सरळ गुन्हा आहे. खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "सगळं तपकिरीच होतं हो" म्हणालं, तर आधी विचारा, केसाळ होतं का? नव्हतं म्हणाले, तर तुमची बोट चांगल्या जागी गेली होती असं सांगा.