पंचवीस सागरी मैलांचा हट्ट

अमेरिकेच्या मरीन कोअरने एका वाहनावर ३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली आणि त्यातलं एकही ताफ्यात दाखल झालं नाही. 'एक्स्पिडिशनरी फायटिंग व्हेईकल', म्हणजेच ईएफव्ही, असं त्याचं भारदस्त नाव. ६ जानेवारी २०११ रोजी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हा प्रकल्प गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एवढा पैसा मुरला कुठे? घोटाळा शोधायला नको, पाण्याचा स्वभाव पाहिला तरी पुरे.

अशा उभयचर, म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या, वाहनाची गरज नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा बेटावर रक्त सांडून सिद्ध झाली होती. नेहमीच्या होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि सैनिकांना गोळ्यांच्या वर्षावात पाणी तुडवत जावं लागलं. पट्ट्यांवर चालणारी 'एलव्हीटी' वाहनं मात्र तो कडा चढून गेली. गंमत म्हणजे त्यांचा मूळ नमुना ब्रुकलिन ब्रिज बांधणाऱ्या घराण्यातल्या डोनाल्ड रोबलिंगने फ्लोरिडाच्या दलदलीत वादळग्रस्तांना सोडवण्यासाठी बनवला होता.

१९७२ पासून मरीन कोअर एएव्ही ही उभयचर गाडी वापरू लागली. पाण्यात तिचा वेग ताशी जेमतेम १३ किलोमीटर. पुढे किनाऱ्यावरून डागता येणारी क्षेपणास्त्रं आली, तेव्हा जहाजं २५ सागरी मैल दूर, क्षितिजापलीकडे उभी ठेवायचं ठरलं. एवढं अंतर जुन्या गाडीला कापायला साडेतीन तास लागणार. बंद डब्यात इतका वेळ हिंदकळलेला सैनिक उतरल्यावर लढणार काय? म्हणून नव्या गाडीने समुद्रात ताशी सुमारे ४६ किलोमीटर गाठावेत, अशी अट घातली गेली. सगळी मेख या अटीत आहे.

चिलखती गाडी म्हणजे पाण्यात ढकललेली वीट. वेग वाढवावा तशी ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर अडते. त्यातून सुटायचं तर तिला पाणी कापत नव्हे, पाण्यावरून घसरत जावं लागतं. त्यासाठी ईएफव्ही समुद्रात रूपच पालटायची. पट्टे पोटाशी ओढले जात, त्यांवर झाकणं सरकत, पुढे-मागे फळ्या उलगडत आणि मागचे दोन वॉटरजेट पाणी फेकू लागत. जमिनीवर ८५० अश्वशक्तीत भागवणारं इंजिन इथे २,७०० अश्वशक्ती ओतायचं. एका तासाच्या प्रवासासाठी हा सारा संसार जन्मभर वागवायचा!

जितके सांधे, तितक्या कटकटी. २००६ च्या चाचण्यांत गाडी सरासरी साडेचार तासांत बंद पडत होती. त्यातच इराकमध्ये रस्त्याकाठच्या सुरुंगांनी नवा पेच टाकला. स्फोटाचा मारा बाजूला वळवायला गाडीचा तळ इंग्रजी 'व्ही'सारखा हवा, पाण्यावरून घसरायला मात्र सपाट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे फुगला की अमेरिकी संसदेला कळवण्याचं बंधन तिथल्या कायद्यात आहे. २००७ मध्ये ईएफव्हीवर ती वेळ आली. मग १,०१३ गाड्यांची मागणी ५७३ वर आणली; संख्या घटली की एकेका गाडीवरचा विकासखर्चाचा बोजा वाढतो, तसा तो वाढला. पुढे आणखी १२ अब्ज लागणार होते. वाहनखरेदीची जवळपास सगळी तरतूद ही एकच गाडी गिळेल, असं गेट्स यांचं म्हणणं होतं. निर्णय योग्यच होता. २००७ मध्येच घेतला असता तर अधिक शहाणपणाचा ठरला असता. आधी एवढे ओतले आहेत, आता मागे कसं फिरायचं, हा विचार सरकारांनाही सोडत नाही.

जुन्या गाड्यांना मात्र वय लपवता येईना. ३० जुलै २०२० रोजी सॅन क्लेमेंटे बेटाजवळ सरावात एक एएव्ही बुडाली आणि नऊ जण दगावले. डिसेंबर २०२१ मध्ये या गाड्यांचं पाण्यात उतरणंच बंद केलं गेलं. त्यांची जागा बीएई सिस्टिम्सच्या आठ चाकांच्या एसीव्हीने घेतली. २५ सागरी मैलांचा हट्ट सोडून जहाजं किनाऱ्याच्या जवळ आणण्याच्या हिशेबानेच ती निवडली गेली. पाण्यात तिचा वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर आहे, १९७२ च्या गाडीपेक्षा थोडा कमीच.