दीड दिवस चालतो, दीड महिना नाही

पुण्यात बाणेरमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी गेलो तो एका ओळीपायी. रुबी भाषेतली ओळ: ‘३.डेज.अगो’. तीन दिवसांपूर्वी. प्रोग्रामिंग न शिकलेल्यालाही कळेल असं हे लिहितं कोण, ते बघायचं होतं.

जिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो, ती अमेरिकी ग्राहकांच्या वर्गण्यांचा कोड सांभाळते. मुदत कधी संपते, आठवणीचा मेल कधी जातो वगैरे. स्क्रीनवर जुनी फाइल होती आणि तीत जागोजाग ८६,४००. “साठ गुणिले साठ गुणिले चोवीस. दिवसाचे सेकंद,” ती म्हणाली. एके ठिकाणी मात्र ८,६४० होतं. शून्य गळलेलं, म्हणजे दिवसाचे झाले दोन तास चोवीस मिनिटं! रिव्ह्यूत ते कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं. पडणार तरी कसं?

युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रुबीत (१९९५) आकडाही ऑब्जेक्टच असतो आणि त्याच्या क्लासमध्ये बाहेरून नवी मेथड घालता येते. २००४ साली आलेल्या डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांच्या रेल्स या रुबीतल्या फ्रेमवर्कनं ही मोकळीक पुरेपूर वापरली. ‘३.डेज’मधून साधा आकडा परत येत नाही. येतो तो ‘ड्युरेशन’. आपण दिवस आहोत, सेकंद नव्हे, हे तो लक्षात ठेवतो.

हे लक्षात ठेवणं किती मोलाचं, ते तिनं करून दाखवलं. न्यूयॉर्कची वेळ, ९ मार्च २०२४, सकाळचे दहा. त्यात ‘१.डे’ मिळवला, उत्तर १० मार्च, सकाळचे दहा. मग ८६,४०० सेकंद मिळवले, तर अकरा. त्या रात्री तिथली घड्याळं तासभर पुढे गेली होती, दिवस तेवीस तासांचा झाला होता. पुण्यात बसून हा बग दिसतच नाही. आपली घड्याळं कुणी पुढेमागे करत नाही.

महिन्याची गंमत वेगळीच. ३१ जानेवारीत ‘२.मंथ्स’ मिळवले की ३१ मार्च येतो. एकेक महिना करून दोनदा मिळवलं की २८ किंवा २९ मार्च, कारण मध्ये फेब्रुवारी आडवा येतो. ‘१.५.डेज’ चालतं, ‘१.५.मंथ्स’ला सरळ एरर. अर्धा महिना नेमका किती दिवसांचा, हे कोण ठरवणार? महिन्याचे सेकंद मागितलेच तर रेल्स वर्षाच्या सरासरीतून २६,२९,७४६ काढून देतं: ३० दिवस, १० तास, २९ मिनिटं, ६ सेकंद. असा महिना कुठल्याच कॅलेंडरात नाही.

पलीकडच्या टेबलावरच्या ज्येष्ठांना हे सगळं पसंत नव्हतं. “एका लायब्ररीनं अख्ख्या प्रोग्राममधला तीन बदलायचा?” हरकत रास्त आहे. कोटलिन या दुसऱ्या भाषेत अशी जोड इम्पोर्ट केलेल्या फाइलपुरतीच असते. पण तिथला ‘१.डेज’ कायम चोवीस तासांचाच, म्हणजे पुन्हा ८६,४००.

तरी माझं मत तिच्या बाजूचं. सोपं वाचता येतं हा वरचा फायदा. खरा फायदा असा, की कॅलेंडरातला दिवस हवा की चोवीस तास, हे लिहिणाऱ्याला लिहितानाच ठरवावं लागतं. ८६,४०० लिहिणाऱ्यानं ते ठरवलेलंच नसतं.