संकेतस्थळाचे काम कोणाकडे सोपवावे?

गोव्यातील काजू फेणीला २००९ साली, तर काणकोण तालुक्यातील खोला मिरचीला त्यानंतर भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. अशा मालाचे उत्पादक, घरगुती निवासाची सोय करणारी कुटुंबे, स्वयंसाहाय्य गट व शाळा यांना आपले संकेतस्थळ असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ते तयार करून देणाऱ्या कंत्राटदाराची पारख न केल्यास पैसा व नाव दोन्ही गमावण्याची पाळी येऊ शकते.

नावाची मालकी

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ही दुकानाची पाटीच होय. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवून वेळेवर नूतनीकरण करावे लागते. कंत्राटदाराने ही नोंदणी स्वतःच्या नावे केल्यास पाटी त्याच्या हाती राहते. पुढे मतभेद झाल्यास, वर्षानुवर्षे त्या पत्त्यावर येणारे ग्राहक एका दिवसात तुटतात. यास्तव नोंदणी मालकाच्याच नावे, त्याच्या ई-मेल व दूरध्वनी क्रमांकावर व्हावी आणि सर्व पासवर्ड त्याच्या ताब्यात असावेत. 'डॉट इन' नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २०१४ पासून 'डॉट भारत' हे नाव देवनागरीतही घेता येते. मराठी व कोंकणी भाषिकांना ही सोय उपयुक्त आहे.

पहिल्या क्रमांकाचे आमिष

'गूगलवर तुमचे नाव पहिले आणून देऊ' अशी हमी देणाऱ्यापासून सावध राहावे. अशी हमी कोणालाही देता येत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे. पैसे भरून मिळणारी जागा ही जाहिरात असते. पैसे थांबले की तीही जाते. जाहिरातीचे खाते मालकाच्या नावे असल्यास, प्रत्यक्ष जाहिरातीवर किती रक्कम गेली व कंत्राटदाराचा मेहनताना किती, हे स्पष्ट दिसते. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद करण्यास गूगल शुल्क आकारत नाही. कोणी ती करून देण्याचा मोबदला मागितल्यास तो त्याच्या श्रमाचा आहे, एवढे ध्यानी ठेवावे.

लेखी करार

कंत्राटदाराने पूर्वी केलेली दोन-तीन कामे पाहावीत व त्या मालकांशी प्रत्यक्ष बोलावे. पाने किती, मुदत किती, वार्षिक खर्च किती, दुरुस्ती कोणी करावयाची, मजकूर व छायाचित्रे कोणाच्या मालकीची, हे करारात नमूद असावे. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी व रीतसर पावती घ्यावी. संकेतस्थळाची प्रत दरमहा स्वतःकडे मागून ठेवणे हिताचे ठरते.

पैशांची ऑनलाईन फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

संकेतस्थळ कोणीही बांधून द्यावे. त्याच्या किल्ल्या मात्र मालकाच्याच कमरेला असाव्यात.