गोळीतले झिंक, खड्यातले पाणी

मोहने म्हटले की आठवते ती एनआरसी, म्हणजेच नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. २००९ मध्ये हा कारखाना बंद पडला. व्हिस्कोज रेयॉनची रीत जगभर साधारण एकच आहे. लाकडाच्या लगद्यापासून दाट द्रव बनवायचा आणि बारीक छिद्रांतून तो आम्लाच्या कुंडात सोडायचा, की धागा तयार होतो. त्या कुंडात सौम्य गंधकाम्लाबरोबर दोन क्षार असतात. एक सोडियम सल्फेट, दुसरा झिंक सल्फेट. गंमत अशी की पहिला क्षार पूर्वी पोट साफ होण्यासाठी घेत, तर दुसरा आज जुलाब झालेल्या बाळाला देतात.

या दोन्ही क्षारांचे स्फटिक हाताला कोरडे लागतात, पण त्यांच्या आत पाणी असते. त्याला स्फटिकजल म्हणतात. शाळेत मोरचूद तापवल्यावर निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते किंवा तव्यावर तुरटीची लाही फुलते, ती हे पाणी निघून गेल्यामुळेच. सोडियम सल्फेटच्या स्फटिकात तर निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के वजन पाण्याचे असते. ३२ अंश सेल्सिअसच्या थोडे वर तापमान गेले की हा खडा स्वतःच्याच पाण्यात विरघळू लागतो. कल्याणच्या उन्हाळ्यात त्याला शेगडीची गरज नाही.

हे पाणी खड्यात टिकते कसे? त्याला धरून ठेवणारे बंध एकाच प्रकारचे नसतात. झिंक सल्फेटच्या खड्यात झिंकवर धन आणि सल्फेटवर ऋण प्रभार असतो. त्यांच्यातील ओढ हा आयनिक बंध. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात, तो सहसंयुज बंध. या खड्यात एका झिंकमागे पाण्याचे सात रेणू असतात. त्यांपैकी सहा झिंकला थेट बिलगलेले असतात. तिथे भागीदारीचे दोन्ही इलेक्ट्रॉन पाण्यातला ऑक्सिजनच पुरवतो, म्हणून हा समन्वयी बंध. सातवा रेणू झिंकपर्यंत पोहोचतच नाही. शेजारच्या पाण्याच्या आणि सल्फेटच्या आधाराने, हायड्रोजन बंधांवर तो टिकून असतो. म्हणूनच खडा तापवला तर सगळे पाणी एकदम जात नाही. सहा रेणू तुलनेने सहज निघतात, शेवटच्या रेणूसाठी मात्र २०० अंशांच्याही पुढे जावे लागते.

हा हिशोब थेट औषधाच्या मात्रेशी जोडलेला आहे. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस देतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. ही मात्रा निव्वळ झिंकची आहे, क्षाराची नव्हे. २० मिलिग्रॅम झिंक मिळण्यासाठी एक रेणू पाणी असलेला क्षार सुमारे ५५ मिलिग्रॅम लागतो, तर सात रेणूंचा सुमारे ८८. पाकिटावर ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट’ आणि ‘एलिमेंटल झिंक’ असे दोन वेगळे आकडे दिसतात ते यामुळेच. क्षाराचा आकडा झिंकचा समजून गोळीचा तुकडा पाडला, तर बाळाला एक तृतीयांशच मात्रा मिळेल. उलट जास्त झिंक पोटात गेले तर उलट्या होतात. शेतीच्या दुकानातले झिंक सल्फेट हे खत आहे. त्याचा औषध म्हणून वापर करू नये.

ओआरएसच्या पुडीवरही हेच पाहायला मिळते. एका लिटरच्या पुडीत २.९ ग्रॅम ‘ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट’ असते. डायहायड्रेट म्हणजे क्षाराच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे दोन रेणू, आणि २.९ ग्रॅममध्ये त्यांचेही वजन धरलेले आहे. पुडी फुटलेली, ओलसर किंवा आत गोळा झालेली असेल तर ती टाकून द्यावी. चांगली पुडी पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, पूर्ण एकदम मिसळावी.

जुलाब थांबले म्हणून झिंक मध्येच बंद करू नये. चौदा दिवस पूर्ण करावेत. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.